बाळंतिणीचं पाणी

प्रणिताच्या खालच्या ओठावर, बरोबर मधोमध, एक उभी चीर पडली होती. नखाएवढीही लांब नाही. कडा पांढुरक्या, आतून लालसर. बोलताना ती उघडायची आणि तोंड मिटलं की मिटायची. सकाळी लेकीला उठवताना ती महानंदाच्या नजरेस पडली. तिनं बोटाच्या टोकावर तूप घेतलं, चिरेवर फिरवलं आणि म्हणाली, "शेगडीची आच लागतीय तुला. आज निखारे कमी घालते."

ओठ पाण्यावाचून फुटला असेल, हे तिच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी तिनं ते मनात थांबू दिलं नसतं.

धर्मापुरीत महानंदाच्या नवऱ्याचं, रुद्रप्पांचं, किराणा दुकान रस्त्याच्या अंगाला आणि घर त्याच्या पाठीमागे. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या खोलीत प्रणिताची बाज टाकली होती. फाल्गुन सरत आला होता. बाहेर पत्रे तापून तडतड वाजत होते आणि आत खिडकीला पोतं लावून, बाजेखाली शेगडी ठेवून बाळंतिणीला ऊब देणं चाललं होतं. लेक पहिलटकरीण, माहेरी आलेली. कुठं काही कमी पडायला नको, एवढंच महानंदा घोकत होती.

बाळंतपण परळीच्या दवाखान्यात झालं. मुलगी झाली. अंगानं चांगली होती, म्हणूनच प्रणिताला खाली टाके पडले. घरी सोडताना डॉक्टर योगितांनी औषधांचं पाकीट महानंदाच्या हातात दिलं आणि त्यातली एक पट्टी वर काढून दाखवली.

"मावशी, टाके ओले आहेत तोवर हिला कुंथायला लागता कामा नये. म्हणून ही गोळी. रात्री एक, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. आणि दिवसभर पाणी भरपूर. ही जुलाबाची गोळी नाही हं. ही आतलं ढकलत नाही, नुसतं भिजू देते. भिजायला पाणी लागतं."

महानंदानं मान हलवली. 'रात्री एक' तिनं पदराच्या गाठीत बांधल्यासारखं लक्षात ठेवलं. 'पेलाभर' आणि 'भरपूर' मात्र तिथल्या तिथं सोडून दिलं, डाळ निवडताना खडा बाजूला टाकावा तसं. डॉक्टरीणबाई शिकलेल्या, पण कोवळ्या. बाळंतिणीला पेलाभर पाणी कुणी देतं का?

ती गोळी रोज न चुकता देत होती. ओवा घालून उकळलेलं पाणी आटवायचं, वाटीत घ्यायचं, त्यातल्या दोन घोटांत गोळी गिळवायची आणि उरलेलं पाणी परत घेऊन जायचं.

"आई, अजून थोडं दे की," प्रणिता म्हणायची.

"बास. पोट सुटंल. अंगावर वारं येईल."

"डॉक्टर म्हणल्या होत्या..."

"डॉक्टर घरी येऊन बसणार न्हाई तुझ्या उशाशी. मी बसणार हाय."

प्रणिता लातूरला शिकलेली, सासर उदगीरचं. तिला काय माहीत नव्हतं? पण बाजेवर पडलेल्या बाईला आपलं माहीत असलेलं काही कामाला येत नाही. तिथं आईचं राज्य चालतं. मग ती लेकीला छातीशी घ्यायची.

दवाखान्यातून आल्यापासून प्रणिता परसाकडे म्हणून गेलीच नव्हती.

*

पाण्याचं हे महानंदाला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिची थोरली बहीण शिवकांता नेकनूरला माहेरी बाळंत झाली, तेव्हा महानंदा परकरातली पोर होती. शिवकांता दिवसभर पाणी मागत होती. आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसती जीभ ओठांवरून फिरवून. घरातल्या बायका म्हणायच्या, लक्ष देऊ नका, बाळंतीण मागतेच. संध्याकाळी आईला राहवलं नाही. तिनं माठातून तांब्या भरला आणि लेकीच्या तोंडाला लावला. शिवकांतानं तो एका दमात रिकामा केला. थोडं पाणी तिच्या गळ्यावरून चोळीत उतरलं, तेही तिनं हातानं पुसून चाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली.

सासरची माणसं आली. दारातूनच बोलली, "आईनं पाणी पाजून लेक मारली." पुढं ते वाक्य गावाचं झालं.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. कुणाच्या बारशाला गेली की शेजारची बाई नकळत सरकून बसायची. मग आईनं जाणंच सोडलं. महानंदाला प्रणिता झाली तेव्हा आई आली खरी, पण खोलीत आली नाही. अंगणात उभी राहिली, डिंकाच्या लाडवांचा डबा दुसऱ्या बाईच्या हाती आत पाठवला आणि खिडकीतून म्हणाली, "बरी हायस न्हवं? मग जाते मी." महानंदाला तिचा चेहरा दिसलाच नाही. दिसला तो फक्त खिडकीच्या गजावर धरलेला हात.

महानंदाला लेकीच्या जिवाची भीती होतीच. पण त्या भीतीच्या पोटात आणखी एक भीती होती, आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. आपल्याही हातून तसंच झालं तर? आपणही अशाच कुणाच्या तरी अंगणात, खिडकीचा गज धरून उभ्या राहिलो तर?

*

बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायला तुळजाबाई येत असे. अंगानं दणकट, जिभेनं त्याहून दणकट. त्या दिवशी आल्या आल्या तिची नजर न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गेली. मध्ये भोक असलेली खुर्ची. रुद्रप्पांनी परळीहून आणली होती, लेकीला उकिडवं बसायला लागू नये म्हणून.

"अगं बया, ह्ये काय शिंव्हासन म्हनायचं?" तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला. "आमी एवढाली लेकरं जनली, पन असल्या खुर्चीत बसून कोन गेलं न्हाई बगा."

दुकानातून रुद्रप्पांचा आवाज आला. "तुळजाबाई, तुमचं राज्य झालं करून. आता आमच्या लेकीला करू द्या की थोडं."

"करू द्या की. पन राज्य चाललंय कुटं? तिजोरी तर बंदच हाय म्हनं!"

तराजूपाशी उभं राहिलेलं गिऱ्हाईक हसलं. प्रणिताही हसायला गेली, आणि मध्येच पोट धरून वाकडी झाली.

महानंदाचं हसू तोंडातच राहिलं. "काय झालं गं?"

"काई न्हाई. कळ आली."

"जाऊन ये बघू. खुर्चीवर बस, घाई करू नको."

प्रणिता भिंतीला धरून गेली. कडी लागली. महानंदा दाराबाहेर उभी राहिली. आतून काहीच ऐकू येईना. मग एक श्वास ऐकू आला, ओढून धरलेला, फार वेळ धरलेला, आणि तो सुटताना त्याच्याबरोबर एक बारीक आवाज सुटला, मांजराच्या पिलासारखा. महानंदानं दारावर हात ठेवला. वाजवला नाही.

प्रणिता बाहेर आली तेव्हा कपाळ घामानं भिजलं होतं.

"झालं?"

तिनं मान हलवली. नाही. "आई, काचेवर बसल्यावानी वाटतंय. जोर दिला की खाली सगळं उसवंल असं वाटतंय."

"मग जोर देऊ नको."

"जोर दिल्याबिगर व्हत न्हाई."

महानंदानं तिला धरून आत नेलं.

बाज आवरताना महानंदाला उशीखालच्या दुपट्यात काहीतरी टणक लागलं. उलगडलं तर डिंकाचे लाडू. सकाळचा, कालचा, परवाचा. नुसते कडेनं कुरतडलेले, खाल्ल्याचं दिसावं म्हणून. तिनं लेकीकडे पाहिलं.

"हे काय गं?"

प्रणितानं लहानपणी चोरी पकडल्यावर करायची तसं तोंड केलं. "खाल्लंच न्हाई तर जायला लागणार न्हाई."

दूध पाजणारी बाई, आणि जेवण चुकवतेय. केवढं भ्यायलं असेल हे लेकरू! आणि आपण उशाशी बसून होतो, तरी आपल्याला कळलं नाही.

*

तुळजाबाईनं पोटावर तेल लावता लावता मध्येच हात थांबवला. डाव्या अंगाला, खालच्या बाजूला बोटं दाबून पाहिली. तिच्या तोंडावरची चेष्टा गेली.

"वैनी, कोठा दगड झालाय. खडा बसलाय आत. अशी गोळ्यांची वाट बगत बसू नका. एरंडेल पाजा. च्यात घाला, दोन डाव. घटकाभरात मोकळी व्हती का न्हाई बगा."

महानंदाला एकदम सुटल्यासारखं वाटलं. एरंडेल! हे तिला कसं सुचलं नाही? हे जुनं, ओळखीचं, हातातलं होतं. मुख्य म्हणजे त्यासाठी पाणी द्यायला लागत नव्हतं. तिनं फडताळातली बाटली काढली, चहाचं आधण ठेवलं. तेल कढत चहात पडलं तसे वर पिवळे गोळे तरंगले.

तेवढ्यात न्हाणीघराचं दार आपटलं. प्रणिता परत गेली होती, कुणाला न सांगता.

"आई."

हाक मोठी नव्हती. म्हणूनच महानंदा धावली.

प्रणिता दाराला टेकून उभी होती. हातात कापडाची घडी, तिच्यावर एक लाल रेघ. ओली, ताजी. बाळंतपणाच्या कपड्याचा मळका रंग नव्हे. वेगळा, लखलखीत लाल.

"मागनं आलंय," प्रणिता म्हणाली. "टाके गेले का गं? आई, माझे टाके गेले का?"

महानंदाच्या कानात पत्रा वाजावा तसा आवाज भरला. तिनं लेकीला काखेत धरून बाजेवर आणलं. तुळजाबाई तिथंच होती. तिनं कापड पाहिलं आणि म्हणाली, "लवकर पाजा त्यो च्या. आतला खडा निघाला की रगत बी थांबंल."

महानंदानं कप आणला. बशीत ओतला. तेल बशीच्या काठाला चिकटत होतं.

"मी हे घेणार न्हाई," प्रणिता म्हणाली.

"पी बाई. माझ्याकडं बघून पी."

"डॉक्टरांनी सांगितलंय, गोळीसंगं दुसरं कायबी विचारल्याबिगर न्हाई. आई, फोन लाव त्यांना."

"फोन लावला तर या म्हणतील. बाराव्याच्या आत उंबरा वलांडून परळीला नेऊ तुला? ह्या उन्हात, ह्या रक्तात?"

"मग असंच मरू का?"

शब्द साधा होता. लेकी आयांना रोज म्हणतात, मरू का, मरते मी. पण त्या खोलीत, त्या बाजेवरून तो आला आणि महानंदाच्या हातातली बशी कलंडली. चहा शेगडीत सांडला. निखाऱ्यांतून एरंडेलाचा उग्र धूर उठला आणि बाळ शिंकून रडायला लागलं.

रुद्रप्पा दुकान तसंच टाकून दारात आले होते. त्यांनी खिशातला फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून बाजेच्या काठावर ठेवला.

*

डॉक्टर योगितांचा आवाज घाईतला होता, पण प्रश्न एकेक येत होते.

"उलटी झाली?"

"नाही," प्रणिता म्हणाली.

"ताप?"

महानंदानं कपाळाला हात लावला. "न्हाई. गार हाय."

"पोट सारखं दुखतंय, की कळ येऊन थांबतंय?"

"येते आणि थांबते."

"फुगून गच्च झालंय का? वायू सरतोय?"

प्रणितानं वडिलांकडे पाहिलं. रुद्रप्पा लगबगीनं वळले, "गिऱ्हाईक थांबलंय वाटतं," असं भिंतीला सांगून दुकानात गेले. "सरतोय," ती म्हणाली.

"रक्त किती?"

"कापडावर एक रेघ. मागनं."

"बरं. टाके पुढे आहेत, प्रणिता. कडक खडा घासून मागे बारीक चीर पडली असावी. पण मी बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. उद्या सकाळी दाखवायला ये. आता मला सांग, गोळी घेतेस?"

"रोज एक."

"पाणी किती पितेस?"

प्रणितानं आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार असती तर महानंदाला बरं वाटलं असतं.

"देते की," महानंदाच बोलली. "वव्याचं पाणी देते."

"किती, मावशी?"

"वाटीभर."

"दर खेपेला वाटीभर?"

"सकाळी वाटी. रात्री गोळीसंगं घोटभर."

डॉक्टरीण रागावली असती तर महानंदाला भांडता आलं असतं.

"मावशी," शांत आवाज आला, "ती लेकराला दूध पाजते. दूध कशाचं होतं? आहे तेवढं पाणी दुधात जातंय. ती गोळी आत जाऊन पाण्याची वाट बघत बसते. पाणीच नाही, तर ती भिजवणार काय?"

"आईनं एरंडेल केलं होतं," प्रणिता मध्येच म्हणाली.

"दिलं?"

"सांडलं."

"बरं झालं सांडलं. एरंडेल नाही, चूर्ण नाही, गोळीच्या वर कुठलंही तेल नाही. एरंडेलानं जुलाब लागतील, कळा येतील, अंगात उरलंय ते पाणीही जाईल, आणि ओल्या टाक्यांना ते सगळं सोसायला लागेल. गोळीसुद्धा एकच. झालं नाही म्हणून दोन द्यायच्या नाहीत. आणि पोट सुरळीत झालं की बंद. आठ दिवसांच्या पुढं ती मला विचारल्याशिवाय चालू ठेवायची नाही. प्रणिता, बसशील तेव्हा स्वच्छ कापडाची घडी टाक्यांवर हातानं हलकी धरून ठेव, पाय पाटावर ठेव आणि कुंथू नकोस. धीर येतो त्यानं. जेवण चुकवू नकोस."

प्रणिता हो म्हणाली.

"डॉक्टरीणबाई," महानंदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पाण्यानं बाळंतीण दगावती. माझी बहीण गेली. मी बघितलंय."

"कशानं गेली?"

"पाणी पिऊन. तांब्याभर पाणी पिली आणि गेली."

"पाणी पिण्याच्या आधी तिला काय होत होतं?"

महानंदानं सांगायला तोंड उघडलं आणि ती थांबली.

आधी? ही गोष्ट तिनं किती वेळा ऐकली होती, किती वेळा सांगितली होती. ती तांब्यापासूनच सुरू व्हायची. त्याच्या आधीचं कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला शिवकांताच्या उशाशी बसवलं होतं, कापडानं माश्या वारायला. शिवकांताचा हात तिच्या मांडीवर पडला होता आणि परकरातूनही त्याचा चटका बसत होता. वाकळांवर वाकळा घातल्या होत्या, तरी त्यांच्याखाली ती थडथड उडत होती. खोलीत ऊद जाळला होता. बाळासाठी नव्हे. कसला तरी वास येत होता, गोडसर, कुजका, आणि कुणी त्याचं नाव घेत नव्हतं.

"ताप होता," महानंदा म्हणाली.

"कधीपासून?"

"पाचवी पुजली, तवापासनं."

"आणि पाणी कधी दिलं?"

"त्याच्या मागनं. लई मागनं."

"मग तिला एवढी तहान कशानं लागली होती, मावशी?"

फोनच्या पलीकडे कुणीतरी डॉक्टरांना हाक मारली.

"मला जायला हवं. नीट ऐका. उलटी झाली, ताप आला, पोट फुगलं, रक्त वाढलं, तर आजच, लगेच या. उन्हाचं, बाराव्याचं बघत बसू नका. नाहीतर उद्या सकाळी. आणि पाणी आत्तापासून सुरू करा. एकदम तांब्याभर नाही, थोडं थोडं, पण देत राहा."

फोन बंद झाला.

*

कळलं म्हणून भीती गेली नाही. महानंदाला वाटलं होतं, एखादी गोष्ट उमगली की मन हलकं होतं. तिचं मन आणखी जड झालं. ताप आधी होता. पाणी मागून आलं. शिवकांता पाण्यानं गेली नव्हती. मग आई? आई एवढी वर्षं कशासाठी अंगणात उभी राहिली?

आणि तरीही, लेकीला पाणी द्यायला तिचा हात उठत नव्हता. डोक्याला पटलेलं हाताला पटत नव्हतं.

तुळजाबाईनं तेलाची वाटी आवरली. ती वाईट बाई नव्हती. जे बोलली ते मायेनंच बोलली. "वैनी, फोनवर सांगायला काय जातंय कुनाचं? उद्या काई इपरीत झालं, तर डॉक्टरीन न्हाई येनार लोकांची तोंडं धराया. लोक तिला न्हाई म्हननार. तुमालाच म्हनतील. तुमच्या आईचं काय झालं ते काय मला ठावं न्हाई का?"

महानंदा शेगडीकडे पाहत राहिली. सांडलेला चहा निखाऱ्यांवर वाळून काळा झाला होता.

रुद्रप्पा परत दारात आले. "काय म्हणल्या?"

"पाणी द्या म्हणल्या."

"मग?"

"मग काय? तुमी सांगा."

रुद्रप्पांनी टोपी काढून हातात धरली. दुकानात भाव करताना माघार घ्यायच्या वेळी ते असंच करत. "अगं, मला ह्यातलं काय कळतंय? मी देऊ का आणून? देतो. पण तिला काई झालं न्हाई तरी तू रातभर जागशील, आणि मी दिलं म्हणून माझ्याकडं बघशील. तुझ्या हातनं झालेलं बरं."

बाळ प्रणिताच्या छातीशी होतं. ते ओढत होतं, सोडत होतं, चिडून मूठ आपटत होतं आणि परत ओढत होतं. आल्यापासून रोज, पुन्हा पुन्हा, 'आई, थोडं दे की' म्हणणारी पोर आज मागत नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले होते. रागावून नव्हे. मागून उपयोग नाही हे कळलेल्या माणसासारखे.

ते पाहिलं आणि महानंदाला पहिल्यांदाच पाण्यापेक्षा दुसऱ्या कशाची तरी जास्त भीती वाटली.

ती स्वयंपाकघरात गेली. सकाळी उकळून झाकलेलं पाणी पातेल्यात होतं, आता कोमट झालेलं. तिनं मोठा पेला घेतला, भरला, आणि अर्धं परत ओतलं. मग पुन्हा भरला. मधल्या दाराशी येऊन ती उभी राहिली. पाय पुढं पडेना. आई माठापाशी अशीच उभी राहिली असेल. तिलाही माहीत असेल की बायका बघतायत. ती काय आंधळी होती? तिनं लेकीचे ओठ पाहिले आणि बायकांकडे पाठ केली, एवढंच. ती लेक वाचणार नव्हती. पाणी दिलं असतं तरी, नसतं दिलं तरी. निदान तहानलेली गेली नाही.

आणि ही तर वाचायची होती. हिला ताप नव्हता. हिला फक्त पाणी हवं होतं.

"वैनी," तुळजाबाई हळू आवाजात म्हणाली, "इचार करा. लोक काय म्हनतील..."

"म्हणू द्या."

रुद्रप्पांनी मान वर केली. प्रणितानं डोळे उघडले, आईच्या हातातला पेला पाहिला, आणि तिचा विश्वास बसला नाही. ती उठलीच नाही, नुसती पाहत राहिली.

महानंदा खोलीत आली. उद्यापर्यंतचा सगळा वेळ तिला भिंतीसारखा समोर दिसत होता. पण आवाज, तिचं तिलाच नवल वाटलं, अगदी सरळ निघाला.

"प्रणे, ऊठ, बस नीट. आजपासनं तुला पाणी मी देणार हाय. आत्ता देणार हाय, आणि तू मागशील तवा देणार हाय."